शेजाऱ्याकडून आलं, तरी शिक्का बघा

कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट उगवते. 'नवीन आवृत्ती आली आहे. आता घ्यायची की नंतर?' आणि तुम्ही मंडळी 'नंतर' दाबता. नाही म्हणू नका! आमचे हेसुद्धा 'नंतर'च दाबतात, आणि त्यांना रोज वाढून द्यायला मी समोर असते. तर ती चौकट तयार करायची आणि तुम्ही कधीतरी 'आता' दाबाल म्हणून वाट बघत बसायचं, ही माझी नोकरी. उभी हयात त्यात गेली. यंदा निवृत्त झाले, तर मद्रासच्या आमच्या मराठी मंडळाच्या संपादकबाई म्हणाल्या, "अंकात लिहा की काहीतरी तुमच्या कामाबद्दल." मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं कसलं काय! पण लिहायला बसले आणि आठवलं ते एकच माणूस, आणि एकच दसरा.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन मद्रासजवळच्या आवडी गावाला आले, कारण हे तिथल्या कारखान्यात. क्वार्टरच्या चार भिंतींत डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मैलापूरच्या एका लहानशा कंपनीत अर्ज टाकला. देवळाच्या तळ्यामागे भांड्यांचं दुकान, त्याच्या माडीवर आमचं ऑफिस. खाली दिवसभर पितळी घागरी वाजायच्या, मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, शेजारच्या संगीतसभेतलं गाणं खिडकीतून आत यायचं, आणि या सगळ्या गोंगाटात आम्ही लहान लहान लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. रक्त-लघवी तपासायची, रिपोर्ट छापायचा, पेशंटच्या हातात द्यायचा, एवढंच त्याचं काम.

मुलाखत घेतली ती सेतुमाधव रावांनी. सगळे त्यांना राव सार म्हणत. सगळी मुलाखत इंग्रजीत झाली. शेवटी त्यांनी माझं आडनाव पुन्हा एकदा वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "नलिनीबाई, तुम्हांस काफी चालते, कीं चहाच पाहिजे?" मला रडूच फुटायचं बाकी होतं. तंजावरच्या मराठी घराण्यातली माणसं ही, पिढ्यान् पिढ्या इकडचीच. त्यांची मराठी म्हणजे आपण बखरीत वाचतो तशी, आणि तिला तमिळचा हेल. मी त्यांच्या 'जाहलें'ला हसायचे आणि ते म्हणायचे, "तुमची मराठी फार धावते, नलिनीबाई. तिला बसावयास सांगा."

या रावांनी आमचा अपडेटर लिहिला होता. बाहेरच्यांसाठी सांगते. मुख्य प्रोग्रॅम असतो रिपोर्ट छापणारा, पण त्याच्या मागे आणखी एक बारका प्रोग्रॅम गुपचूप बसलेला असतो. नवीन आवृत्ती आली का बघायची, आली तर आणायची आणि बसवायची, हे त्याचं काम. त्याची आठवण कोणालाच नसते. पण मशीनमध्ये काहीही बदलायची मुभा त्याला असते, नाहीतर तो नवीन आवृत्ती बसवणार कशी? घरातल्या जुन्या गड्यासारखं समजा, सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. तो इमानी असतोच, पण त्याला कोणी फसवलं की घर गेलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. मैलापुरातल्याच एका डॉक्टरांनी नवीन आवृत्ती आल्यावर फोनवर माझं डोकं खाल्लं. का, तर 'छापा' म्हणायचं बटण हिरव्याचं निळं झालं आणि त्या दिवसापासून पेशंट येईनात! मी म्हटलं, बटणाचा आणि पेशंटचा काय संबंध? रावांनी माझ्या हातातून फोन घेतला, "सेरी डॉक्टर, सेरी," म्हणजे बरं बरं, म्हणाले आणि त्या एका लॅबपुरतं बटण परत हिरवं करून पाठवलं. मी भडकले. ते म्हणाले, "आपणांस बटणाचा रंग काय करावयाचा आहे? त्यांस काम करूं द्या." ते बटण आजही हिरवंच आहे.

आणि सेल्वी! मद्रासबाहेर समुद्रकाठच्या कोवलमला, मच्छीमारांच्या वस्तीला लागून तिची लॅब. तेव्हा ती नवी नवी टेक्निशियन होती, पुढे लॅब तिचीच झाली. बाहेरच्या खोलीत पावत्यांचं मशीन, आतल्या खोलीत रक्त तपासायच्या यंत्रांना जोडलेली दोन. इंटरनेट यायचं टेलिफोनच्या तारेवरून, तेही बाहेरच्या मशीनला. एकदा आम्ही नवीन आवृत्ती पाठवली. ती बाहेरच्या मशीनमार्फत तीन मशीनांसाठी तीनदा उतरवताना फोन सकाळपासून दुपारपर्यंत अडकून पडला. तेवढ्यात वस्तीतली एक बाई तापाने फणफणलेल्या पोराच्या रिपोर्टसाठी फोन लावून लावून थकली आणि उन्हातनं चालत आली. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा सेल्वीने रावांची अशी काही हजेरी घेतली म्हणता! "सार, तुमची नवी आवृत्ती माझा फोन गिळून बसली. मी पेशंटला काय सांगू?"

परतीच्या बसमध्ये राव तिकिटाच्या मागे काहीतरी खरडत बसले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी 'शेजारी' लिहिला. युक्ती साधी होती. एकाच मशीनने नवीन आवृत्ती बाहेरून आणायची. बाकीच्यांनी लॅबमधल्या लॅबमध्ये हाक द्यायची, "कोणाकडे नवीन आहे का?" ज्याच्याकडे असेल त्याने ओ द्यायची, आणि मागणाऱ्याने त्याच्याकडून घ्यायची. प्रोग्रॅममध्ये नावही त्यांनी 'शेजारी' असंच ठेवलं, रोमन अक्षरांत. ऑफिसातली तमिळ मंडळी समजायची, काहीतरी लांबलचक इंग्रजी नावाचं ते लघुरूप असेल. आम्ही दोघं मनातल्या मनात हसायचो. शेजाऱ्यामुळे फोन मोकळे झाले, लॅबवाले खूश झाले, आणि रावांचा चेहरा कितीतरी दिवस खुललेला होता.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पुजतात, तसंच हे, पण इथला कडकपणा काही औरच. नवमीला प्रत्येक मशीन बंद. पुसून, चंदनकुंकू लावून, फुलं वाहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला हात जोडायचे आणि मगच चालू करायचं. पहिल्याच वर्षी एका लॅबचा फोन आला म्हणून मी बटणाकडे हात नेला, तर रावांनी तो हळूच बाजूला केला. "आज त्यास विसांवा. वर्षभर राबतें तें. त्याजकडून काम घेणें नाहीं." इंजिनीअर माणूस, आणि डब्याला विसावा! मला तेव्हा हसू आलं होतं.

राव निवृत्त झाले, ऑफिस माडीवरून हललं, घागरींचा आवाज बंद झाला. आमच्याकडे नवी पिढी आली, पण अपडेटरला हात लावायला कोणी धजेना, कारण तो बिनबोभाट चालत होता. दरम्यान लॅबमध्ये मात्र एक बदल होत होता आणि तो आमच्या लक्षातच आला नाही. वाट बघणारे पेशंट कुरकुर करतात म्हणून लॅबवाल्यांनी त्यांना फुकट वायफाय द्यायला सुरुवात केली, तेही आतली मशीनं ज्या जाळ्याला जोडलेली होती त्यावरूनच.

मागच्या वर्षी आषाढात एक मेल आली. पाठवणाऱ्या मुलीचं नाव गौरी, आडनाव पुण्याकडचं. मी सरळ फोन लावला आणि मराठीत विचारलं, "काय गं, काय सापडलं तुला?" पलीकडून लगेच, "अय्या, तुम्ही मराठी?" ती इथल्या आयटीतच कामाला, सॉफ्टवेअरमधल्या फटी शोधणं हेच तिचं काम. ताप आला म्हणून कोवलमला सेल्वीच्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेली होती. नंबर यायला वेळ होता, म्हणून तिने लॅपटॉप उघडला. आणि तिला दिसलं, की आतलं एक मशीन त्याच वायफायवर सारखं हाका मारतंय, कोणाकडे नवीन आहे का, कोणाकडे नवीन आहे का! तिने तिथे कशाला हात लावला नाही. घरी जाऊन आमच्या सॉफ्टवेअरची नमुन्याची प्रत उतरवली आणि तिच्यावर खात्री करून घेतली.

मी तिला ऑफिसात बोलावलं. आमचे मुदलाळी, म्हणजे मालक, हाताची घडी घालून उभे. गौरी म्हणाली, "काकू, तुमचंच नाव घाला, तुमचाच रिपोर्ट छापू." मी नाव घातलं, रक्तगट ओ पॉझिटिव्ह घातला. ती दुसऱ्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. आमच्या मशीनने हाक दिली, तिच्या लॅपटॉपने ओ दिली, "आहे की माझ्याकडे," आणि आमच्या मशीनने जे दिलं ते मुकाट्याने घेतलं. मी 'छापा' दाबलं. कागदावर माझं नाव, माझं वय, आणि रक्तगट बी.

मी तो कागद उचलून पुन्हा वाचला. उद्या हाच कागद कोणाच्या हातात असेल, आणि त्या माणसाला रक्त चढवायची वेळ आली तर? बाटली चढवताना दवाखाना पुन्हा तपासतो हे खरं, पण गडबडीत एकजण जरी कागदावर विसंबला तर? हे माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

मुदलाळींना भलतीच काळजी. "हिला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला? वकिलाची नोटीस पाठवा." मग मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "मुदलाळी, ही दारावर थाप मारून आली आहे. पुढचा येईल तो थाप मारणार नाही." नोटीस राहिली.

या धंद्यात एक रीत आहे. फट सापडली की ती ज्याची आहे त्याला आधी गुपचूप सांगायचं, बुजवायला साधारण तीन महिने द्यायचे, आणि मग सगळ्यांसमोर मांडायचं. मांडायचं अशासाठी, की इतरांनी आपापलं घर तपासावं, आणि आमच्यासारख्यांनी झोपा काढू नयेत. गौरीची मुदत दसऱ्यानंतर लगेच संपत होती.

फट बुजवणं अवघड नव्हतं. नवीन आवृत्तीवर कंपनीचा शिक्का मारायचा. शाईचा नव्हे, गणिताचा, दुसऱ्या कोणाला उठवता येत नाही असा. आणि अपडेटरने शिक्का तपासल्याशिवाय काही घ्यायचं नाही. आम्ही ते केलं आणि पाठवून दिलं. पण घेणार कोण? आमची आवृत्ती मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की मगच बसते, आणि लॅबवाले मशीन बंदच करत नाहीत. सेल्वी तर संध्याकाळी त्याच्यावर टॉवेल टाकून घरी जायची. "बंद केलं आणि परत उठलंच नाही तर, मेडम? सकाळी उपाशीपोटी आलेल्या पेशंटना मी काय सांगू?" बाकीच्यांनी चौकटीत 'नंतर' दाबलं. मी एकेकाला फोन केले. "करतो मेडम, आत्ता करतो," आणि कप्पाळ! नवरात्र लागलं तरी निम्म्याअधिक लॅब तशाच उघड्या.

मी गौरीला म्हटलं, "थोडी थांबशील का गं?"

"थांबेन की काकू. पण हे मला दिसलं ते अंगात ताप असताना. धडधाकट माणसाला दिसायला किती वेळ लागेल?"

मी पुन्हा लॅबच्या फोनची यादी काढली.

रावांना कळवायचं मी इतके दिवस टाळत होते. पण फट जगासमोर मांडली जाणार, त्यात 'शेजारी' हे नाव छापून येणार, ते त्यांनी दुसऱ्याकडून ऐकायला नको. तळ्यामागच्या त्यांच्या घरी गेले. त्यांनी स्वतः काफी केली, तंब्ळर-डबऱ्यात, म्हणजे इथल्या पेला-वाटीत, ओतून समोर ठेवली. मी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खाली बघत राहिले.

"म्हणजे कोणीही येऊन 'मी शेजारी' म्हणाला, तर माझा प्रोग्रॅम त्यास आंत घेतो?"

"हो सार."

"त्या काळीं वायर होती, नलिनीबाई. वायरीच्या टोकास कोण बसला आहे, तें मज ठाऊक होतें."

"मला माहीत आहे, सार."

"मग आतां शेजाऱ्यास काढून टाकलें?"

"मुदलाळी म्हणत होते काढा. मी नाही काढू दिला. आतल्या मशीनांना दुसरं कोण आणून देणार? शेजारी राहील, फक्त शिक्का बघून घेईल."

"शेजारीण भाजीची वाटी घेऊन आली, तर वाटी उलटी करून शिक्का पाहणें," ते म्हणाले आणि हसले. ते हसू मला बघवेना. आयुष्यात त्यांनी कोणाचं वाईट केलं नाही. एका तापलेल्या पोरासाठी लिहिलेली चीज, आणि तिच्यातूनच चोर शिरायची भीती. माझे डोळे भरून आले, ते मी काफीत लपवले.

मग विषय बदलावा म्हणून मी माझं गाऱ्हाणं मांडलं. लोक मशीन बंदच करत नाहीत, काय करू?

राव एकदम ताठ बसले. "कोण म्हणतो करत नाहींत? अस्के करतात. वर्षांतून एकदां." त्यांनी भिंतीवरच्या तारखांच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

अस्के म्हणजे सगळे. आणि एकदा म्हणजे आयुधपूजा! मी कपाळावर हात मारला. चंदनकुंकू लावायला सेल्वीसुद्धा मशीन बंद करणार, विजयादशमीला सगळी मद्रास मशीनं चालू करणार, आणि चालू होताना आमचा अपडेटर सगळ्यात आधी जागा होतो. जे मी वर्षानुवर्षं चौकटी दाखवून साधू शकले नाही, ते देवीने एका दिवसात साधलं असतं.

"एक अडचण आहे," राव म्हणाले. "पुष्कळ लोक नुसता पडदा विझवतात, पेटी तशीच जळत असते. मी सांगूं काय त्यांस?"

त्यांनी सांगितलं. आम्ही त्यांच्या आवाजात तमिळमध्ये निरोप भरून घेतला आणि प्रत्येक लॅबला फोनवर पाठवला. "मी सेतुमाधव राव बोलतोय. आयुधपूजेला पडद्यालाच नव्हे, पेटीलाही विसावा द्या. दोन्ही बंद करा. दशमीला हात जोडून चालू करा." एवढंच. अपडेटचं नावही नाही. जुन्या लॅबवाल्यांनी उलट फोन करून विचारलं, सार बरे आहेत ना? त्या हिरव्या बटणाच्या डॉक्टरांनी तर प्रसाद कुठे पाठवू म्हणून विचारलं.

दशमीला सकाळी मी आणि राव बसने कोवलमला गेलो. शेजारी जिथे जन्मला तिथेच बघायचं, असा त्यांचा हट्ट. गौरी स्कूटरवरून आली. सेल्वीचे केस आता पांढरे झालेत, पण रावांना बघून ती तशीच धावत पुढे आली. मशीनांना झेंडूच्या माळा, पडद्यावर कुंकवाचा टिळा, टॉवेलही धुऊन घडी करून ठेवलेला. सेल्वीने कापूर लावला, हात जोडले आणि बाहेरचं मशीन चालू केलं.

ते उठलं. नवीन आवृत्ती आणली, बसवली. मग आतलं पहिलं. त्याच्या पडद्यावर खाली रावांनी कधीकाळी लिहिलेली ती बारीक ओळ आली, शेजाऱ्याला विचारत आहे. बाहेरच्याने ओ दिली. आतल्याने घेतलं, जुन्या सवयीने न तपासता, पण त्याचं हे शेवटचंच. मग दुसरं. राव तोंडाशी रुमाल धरून उभे होते. ऑफिसातून फोन येत होते, मेडम, उठतायत, एकामागून एक उठतायत!

"आता मी बघते," गौरी म्हणाली. सेल्वीला विचारून ती बाहेर पेशंटच्या खुर्चीवर बसली आणि लॅपटॉप उघडला. आतल्या मशीनने हाक दिली, कोणाकडे नवीन आहे का? गौरीने ओ दिली, आहे की माझ्याकडे. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. ओळ आली: शिक्का नाही. घेणार नाही.

गौरीने खुर्चीतूनच अंगठा वर केला. मी रावांकडे बघितलं. त्यांच्या शेजाऱ्याने आज पहिल्यांदा कोणालातरी नाही म्हटलं होतं.

"चांगलें जाहलें," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "चांगलें जाहलें." आणि चष्मा पुसायला लागले.

तेवढ्यात दारातून पलीकडच्या जाळी विणायच्या दुकानातली बाई आली. हातात वर्तमानपत्राचं पुडकं, त्यात पूजेचे चुरमुरे, डाळं, गुळाचा खडा. "सेल्वी, घे," म्हणाली आणि पुडकं हातात कोंबून गेलीसुद्धा. सेल्वीने ते उघडून बघितलंही नाही. मूठभर स्वतःच्या तोंडात टाकले, मूठभर गौरीला दिले, आणि पुडकं आमच्यापुढे धरलं.

राव माझ्याकडे वळले. डोळे ओले, पण त्यात तो जुना खट्याळपणा.

"नलिनीबाई," ते म्हणाले, "हिला शिक्का विचारा कीं."

आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.